सुभेदाराचा ताबा

माणसाला त्याची जात विचारू नये, हे शाळेत शिकवतात. मी शाळा लवकर सोडली, तरी एवढा धडा माझ्या वाट्याला आला होता. पण कोंबडीची जात, तिचं मूळ गाव, तिच्या आईचं घराणं आणि तिच्या बापाचं चालचलन विचारल्याशिवाय तिला दाणाही टाकू नये, असं मानणारा माणूस साऱ्या इंदापूर तालुक्यात एकच आहे, आणि तो माझा घरमालक आहे. गाव त्यांना तात्या म्हणतं. जमीन मोजणी खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं नातवंडं खेळवतात, देवदर्शनाला जातात, नाहीतर एसटी स्टँडवरच्या बाकावर बसून राज्य चालवतात. आमच्या घरमालकांनी असील, म्हणजे जुन्या झुंजीच्या जातीच्या, कोंबड्या पाळल्या. जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून भावाभावांची भांडणं ऐकल्यामुळं असेल, पण हद्द म्हणजे हद्द आणि वारस म्हणजे वारस हे त्यांच्या रक्तात भिनलं होतं. जमिनीत तो नियम कुणी पाळला नाही, म्हणून त्यांनी तो कोंबड्यांना लावला.

मी गोंदियाकडचा. मोटार वाइंडिंगच्या कामासाठी निमगाव केतकीत आलो आणि खोली शोधत यांच्या फाटकाशी उभा राहिलो. माझा स्वभाव काळजीचा. नाव विचारतील, घरचं विचारतील, एकट्या माणसाला खोली देत नाही म्हणतील, म्हणून मी वाटेत सगळी उत्तरं तयार केली होती. त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या पायांकडं बघत म्हणाले, "ह्या चपला घालून पोल्ट्रीच्या शेडात गेल्तास का?" मी नाही म्हणालो. "पोल्ट्रीत कामाला असलेल्या कुणाच्या घरी?" तिथंही नाही. "मंग पाय हितं बुडव." फाटकाच्या आत एका घमेल्यात, बाहेरचा रोग कोंबड्यांना लागू नये म्हणून, चुना टाकलेला होता. त्यात पाय बुडवल्याशिवाय त्या घरात तलाठ्यालाही प्रवेश नव्हता. लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे पांढऱ्या पायांनी आत जायचे आणि शेणानं सारवल्या अंगणात त्यांचे ठसे उमटायचे. आमच्याकडं रोज गौरी येतात असं वाटावं. माझ्या चपला चुन्यात गेल्या आणि खोली मिळाली. "गाव कुठलं?" हे त्यांनी जाता जाता विचारलं. मी गोंदिया म्हणालो. "म्हंजे नागपूर," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला आणि त्या दिवसापासून मी 'नागपूर' झालो. माझ्या गावाहून नागपूर गाठायला निम्मा दिवस जातो, हे सांगायचं राहून गेलं. कोंबडीच्या पणजीचं गाव पाठ असणाऱ्या या माणसाला भाडेकरूचं आडनाव कितीतरी महिने ठाऊक नव्हतं.

त्यांच्या बोलण्यात मोजणी खातं अजून चालूच होतं. पिल्लू निघालं की "वारस लागला". कोंबडी मेली की "खातं बंद झालं". दोघी एकाच टोपलीत अंडं घालायला भांडल्या की तो वहिवाटीचा वाद. शेजारचा मिश्र जातीचा कोंबडा कुंपणावरून आत उडाला की "अतिक्रमण! अतिक्रमण!" असं ओरडत ते काठी घेऊन असे धावायचे, की रस्त्यावरचे टपरीवाले आधी आपापल्या टपऱ्या आवरायला लागायचे. असील कोंबडी अंडी देते, पण सरकारी खात्यात फाईल पुढं सरकते त्या गतीनं. मनात आलं तर देते, नाहीतर उन्हाळा संपल्यावर बघू म्हणते. जी काही यायची ती उबवणीला जायची. त्यामुळं अंगणभर कोंबड्या असलेल्या या घरात आम्लेटची अंडी दुकानातून यायची. काकू, म्हणजे घरमालकांच्या मंडळी, पिशवी घेऊन निघाल्या की बाजारातल्या बायका मुद्दाम विचारायच्या, "काकू, काय आणायला?" काकू सांगायच्या, "काय सांगू बाई, हलवायाच्या घरी साखर न्हाय."

आणि बॉयलर हा शब्द! आमच्याकडं ब्रॉयलर कोंबडीला सगळेच बॉयलर म्हणतात; पण घरमालकांच्या तोंडी ती कोंबडी नव्हती, शिवी होती. ढोबळी मिरची बॉयलर, मोबाईलवरची गाणी बॉयलर, इंग्रजी शाळेतली गुबगुबीत पोरं बॉयलर. एकदा एक तरुण पुढारी आला. त्याच्या नावामागं फ्लेक्सवर 'भावी' लागलं होतं, पण भावी काय ते अजून ठरायचं होतं. वाढदिवसाच्या जेवणाला असील कोंबडा पाहिजे म्हणाला. घरमालकांनी त्याचे पाय चुन्यात बुडवले, खुर्ची दिली, चहा दिला आणि मग म्हणाले, "तुमचं पुढारपण बॉयलर हाय बघा. महिन्याभरात फुगतं, पण पायावं उभं ऱ्हात न्हाय. आमच्या पाखराला वाढाया वरीस लागतं. त्ये तुमच्या ताटात शोभायचं न्हाय." पोरगा खेळकर. हसला, कोंबड्याबरोबर सेल्फी काढून गेला. पुढच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत, दोन माजी उपसरपंचांच्या मधे, आमच्या कोंबड्याचा फोटो होता आणि त्या सगळ्यांत विचारी चेहरा त्याचाच दिसत होता.

तो कोंबडा म्हणजे सुभेदार. उंच, ताठ, अंगाला पिसं आवळून बसलेली, मान अशी लांब की खुराड्यातून बाहेर न येता रस्त्यावर काय चाललंय ते त्याला कळायचं. फिकट डोळ्यांनी तो माझ्याकडं बघायचा तेव्हा त्या नजरेत 'भाडेकरू' याखेरीज दुसरा शब्द नसायचा. घरमालकांच्या सांगण्यानुसार त्याचं घराणं कुठल्याशा संस्थानातून आलं होतं. कुठल्या, ते ऐकणाऱ्यावर ठरायचं. पण एक गोष्ट खरी होती. एका वर्षी उन्हाळ्यात मानमोडीचा रोग आला आणि घमेल्यातल्या चुन्याला न जुमानता खुराडं झाडून गेला. सुभेदार उरला आणि त्याच्या दोन-तीन लेकी उरल्या. बापलेकीचा संबंध घरमालकांना कोंबड्यांतही चालत नव्हता. म्हणजे वंश चालायचा तर सुभेदाराला बाहेरची बायको हवी होती, आणि तीही त्याचं वय सरायच्या आत.

मग सुरू झाले बघण्याचे कार्यक्रम. गंमत म्हणून सांगत नाही, काकू खरोखर पोहे करायच्या. बावड्याचे आबा म्हणून घरमालकांचे एक डाळिंबवाले स्नेही होते. ते बांबूच्या डालग्यात आपली तलंग, म्हणजे वयात आलेली कोंबडी, वर टॉवेल झाकून घेऊन आले. टॉवेल काढला. घरमालकांनी चष्मा पुसला.

"चालवून दाखवा."

आबांनी तलंग चालवली. माझ्या शेजारी उभ्या काकू पुटपुटल्या, "मला बघाया आल्तं तवाबी असंच चालवलं हुतं मेल्यांनी."

"मामाचं कूळ कुठलं?" घरमालकांनी विचारलं.

"सांगवीचं. चांगलं घर हाय, तात्या."

"सांगवीत कुणाचं?"

"आता कोंबडीच्या मामाचं दार कुणाला ठाव आसतंय!"

"तितंच घोळ हाय. पायाची ठेवण बघा. हिच्या आजोळी कुठंतरी बॉयलर शिरलाय."

आबा चिडले. "तात्या, माझ्या पोरीला नकार आला, त्यो मी पचवला. पर कोंबडीला? पोहे खाऊन नकार देतायसा!" तलंग परत डालग्यात गेली. अशा किती आल्या आणि गेल्या. कुणाचा रंग आड आला, कुणाचं आजोळ. शेवटी काकू म्हणाल्या, "ह्ये असंच चाललं तर सुभेदार ब्रह्मचारी मरायचा, आन तुमी त्याचा दाखला काढत बसा." घरमालक म्हणाले, "घाई करून मोजणी हुत न्हाय."

आता म्हसोबाचं सांगितलं पाहिजे. गावाबाहेर कालव्याच्या कडेला, पानमळ्याच्या पलीकडं म्हसोबाचं ठाणं आहे. लोक नवसाला कोंबडं देतात. हल्ली दुकानातून पांढरा बॉयलर आणून मोकळं होण्याची चाल पडली होती. घरमालकांनी एकदा तिथं जाऊन भर पंगतीत सुनावलं, "देवाला बॉयलर? म्हसोबा काय हॉस्टेलवं ऱ्हातो व्हय, मिळंल त्ये गिळाया? देवाला घराण्याचं द्यावं!" कुणीतरी मागून म्हणालं, "मंग तात्या, तुमचा सुभेदार द्या की." लोक हसले. घरमालक रागानं चालते झाले.

त्या पावसाळ्याअखेरीस मला डेंग्यू झाला. सुरुवातीला मी साधा ताप म्हणून कामाला जात होतो. एका सकाळी वाइंडिंगच्या तारा हातात धरल्या आणि त्या दुप्पट दिसायला लागल्या. शेजाऱ्याच्या पिकअपमधून मला बारामतीला नेलं. पुढचं मला तुटक आठवतं. घरी कळवू नका, आई घाबरेल, असं मी सारखं म्हणत होतो म्हणे. माझा भाऊ आला असता, पण गाडीचं तिकीट मिळून यायचं म्हणजे वेळ. तोवर माझ्या खाटेजवळ घरमालक आणि काकू बसून होते. दोघांना खुराड्याची चिंता असणार, पण कुणी तसं बोललं नाही. प्लेटलेट चढवायच्या ठरल्या. पिशवी आली तशी घरमालक उठून उभे राहिले.

"शिस्टर, ह्ये कुणाचं हाय?"

"दात्याचं नाव सांगत नाहीत, आजोबा."

"नाव नगं. गाव सांगा."

"गाव पण नाही सांगत."

"रक्त म्हंता आन ह्ये तर पिवळं दिसतंय."

"प्लेटलेट पिवळ्याच असतात. चढवू का नको?"

डोळे मिटलेल्या मला तेवढं स्पष्ट ऐकू आलं. सात पिढ्यांचा दाखला मागणारा माणूस, आणि समोर बिननावाची, बिनगावाची पिवळी पिशवी. मग म्हणाले, "चढवा, चढवा. बेगीनं चढवा."

नंतरचं मला काकूंनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, आजची रात्र बघू. घरमालक खाली गाड्या लावायच्या जागेत गेले, निमगावची दिशा विचारून घेतली, टोपी काढली आणि मोठ्यानं म्हणाले, "म्हसोबा, ह्या नागपूरला उठवून बसीव. आमचा सुभेदार तुझा." दिशा सांगणाऱ्या वॉचमननं विचारलं, कुठले सुभेदार? पोलिसातले का मिलिटरीतले?

मी उठून बसलो. घरी आलो, तर अंगणात सुभेदार उभा. जीव वाचल्याचा आनंद आधी की त्याची लाज आधी, कळेना. मी म्हणालो, "तात्या, नवस माझ्यासाठी होता, तर मी फेडतो. बोकड देऊ, दोन कोंबडे देऊ." काकूंनीच कपाळावर हात मारला.

"आरं बाबा, नवसात नुसतं 'कोंबडा दीन' म्हणायचं आसतं! मंग कुठलाबी चालतो. माझी सासू जन्मभर तसंच बोलली. पर नाव घिऊन बोललं की बदली चालत न्हाय. अहो, नाव कशाला घेतलंसा?"

घरमालक खाली बघत म्हणाले, "गट नंबर सांगितल्याबिगर मोजणी हुती व्हय?"

मग सल्लागार जमले. आमच्याकडं कुणाचं काही अडलं की मदतीला माणूस येईलच असं नाही, पण सल्ल्याला कमी नाही. एकजण म्हणाला, सुभेदाराचं नाव बदला, दुसऱ्या कोंबड्याला सुभेदार म्हणा आणि तो द्या. 'भावी' पुढारी म्हणाला, मी म्हसोबाच्या ठाण्याला पत्रे टाकून देतो, देव ऐकेल. बावड्याचे आबा डालगं घेऊनच आले. "तात्या, द्यायचाच हाय तर आदी आमच्या तलंगीसंगं ऱ्हाऊ द्या. वंश तरी उरंल. आता आजोळ बघू नगासा." मला वाटलं, आता हो म्हणतील. मी मनातून प्रार्थना करत होतो. घरमालकांनी तलंगीकडं बघितलं, पायाच्या ठेवणीकडंही बघितलं, आणि म्हणाले, "देवाच्या नावानं बोललेला जिन्नस मागं घरात वापरत न्हाईत, आबा." आबांनी डालगं उचललं. त्या दिवशी पोहे कुणी खाल्ले नाहीत.

ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घरमालक खुराड्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. काकू तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता त्यांचा हात थांबला.

"अहो, नक्की काय बोल्लासा तितं? शब्द सांगा."

"आमचा सुभेदार तुझा."

"कापीन म्हणालासा?"

"न्हाय."

"निवद दावीन?"

"न्हाय. नुसतं तुझा."

"मंग त्याचा त्याला द्या की! कापायचं कुणी सांगितलंय?"

घरमालकांनी मान वर केली. खात्यातला माणूस जागा झालेला मी प्रत्यक्ष बघितला. "ताबा द्यायचा," ते हळूच म्हणाले. "ताबा दिला की आपलं काम झालं. पुढं मालकानं काय करायचं, त्यो मालकाचा प्रश्न." आणि पहिल्यांदाच ते काकूंकडं असं बघत राहिले, जसं आजवर फक्त चांगल्या जातीच्या पक्ष्याकडं बघायचे.

दुसऱ्या दिवशी सुभेदाराला हळदकुंकू लावलं आणि म्हसोबापुढं सोडलं. बातमी पसरल्यामुळं मंडळी भाकरी बांधून आली होती. "रस्सा कुठाय, तात्या?" "रस्सा नवसात नव्हता." माणसं भाकरी परत घेऊन गेली, आणि आजही त्या दिवसाचा विषय निघाला की त्यांचा चेहरा पडतो. सोडलेल्या जनावराकडं मागं वळून बघायचं नाही, अशी चाल आहे. दिवसातून वीस वेळा खुराड्यात डोकावणारा हा माणूस कालव्याच्या कडेनं सरळ नाकासमोर चालत घरी आला. मागं सुभेदार आरवला. घरमालकांचा हात टोपीकडं गेला, टोपी नीट केली आणि खाली आला. पुढं कितीतरी दिवस ते ओसरीच्या कोपऱ्यात, अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीसारखे, बसून असायचे. ना बोलणं, ना जेवणावर लक्ष. कुणी चौकशीला आलं की काकू सांगायच्या, "खुडूक बसल्यात. उठवाया जाऊ नगा, टोचतील."

इकडं सुभेदारानं म्हसोबाच्या आसपासची सगळी वस्ती आपली मानली. पत्रिका नाही, पोहे नाहीत, मामाचं कूळ नाही. वस्तीवर ज्या कोंबड्या होत्या त्या कुठल्याच एका जातीच्या नव्हत्या. गावरान, मिश्र, पोल्ट्रीतून सुटलेल्या, बाजारातून पिशवीतून आलेल्या. हिवाळा संपेतो पिल्लं दिसायला लागली. अंग तांबडं-पांढरं-ठिपक्यांचं कसलंही, पण मान लांब. बावड्याचे आबा बघून आले आणि मुद्दाम वाट वाकडी करून घरी येऊन म्हणाले, "माझ्या पोरीत खोट काढलीसा न्हवं? आता जावई बघा, कुणाच्याबी दारात वाकून दाणं टिपतोय." घरमालक भडकले. "सगळं अनधिकृत बांधकाम हाय त्ये! माझ्या नावावं चढवू नगा!" आणि आत निघून गेले.

पण त्यानंतर ते संध्याकाळी फिरायला जाऊ लागले. डॉक्टरनं साखरेसाठी सांगितलंय म्हणाले. कुठल्या डॉक्टरनं, ते काकूंनीही विचारलं नाही. सदऱ्याच्या खिशात ज्वारी घेऊन साखर कशी कमी होते, हेही कुणी विचारलं नाही. एखाद्या वस्तीवरची बाई हाक मारायची, "तात्या, चा घ्या की." ते नको म्हणायचे आणि तिच्या काटक्यांच्या कुडापाशी चहा होईल इतका वेळ उभे राहायचे.

उन्हाळ्यात सुभेदार दिसेनासा झाला. मुंगसानं नेलं म्हणतात, कुत्र्यानं म्हणतात, कुणाच्या तरी घरी मसाल्याचा वास आला होता असंही म्हणतात. मी चार ठिकाणी विचारायला निघालो तर घरमालकांनी अडवलं. "आपून कोण इचारणार? ताबा कवाच दिलाय." आवाजात तक्रार नव्हती. फक्त त्या दिवशी त्यांना फिरायला जायचा कंटाळा आला होता, म्हणून मी म्हणालो, चला, मी येतो.

तेव्हापासून आम्ही दोघं जातो. परवा म्हसोबाच्या पुढच्या वळणावर त्यांनी खिशातली ज्वारी काढली आणि बांधावर टाकली. आसपासच्या वस्त्यांवरनं पिल्लं धावली, लांब मानेची, आखूड मानेची, उघड्या ढुंगणाची, एका डोळ्याची. मी विचारलं, "तात्या, यातली आपली कुठली?" ते बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. कालव्याच्या पाण्यावरचं ऊन उतरत होतं, आणि मला काळजी, की काकू वाट बघत असतील. मी म्हणालो, "चला, तात्या, अंधारतंय."

"थांब जरा," ते खिसा उलटा करत म्हणाले, "त्या मागच्या लंगडीला काय मिळालं न्हाय."